‘वाचा’ बसल्याबाबत

३ फेब्रुवारी

प्रति,
प्रकाशन-प्रमुख
(आणि खाजगीत, चि. ठिणगीस)

मी, या प्रकल्पात ‘बीकॉम’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, व्यवसायाने बस-डेपोच्या सुट्या भागांचा हिशेबतपासनीस आणि आवडीने आपल्या सॉफ्टवेअर-भांडाराच्या तपासणीचा जबाबदार कार्यकर्ता, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. नवी आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून माझी स्वयंचलित तपासणी ‘अडवणारी’ न ठेवता नुसती ‘सुचवणारी’ करावी, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. त्याला माझा विरोध आहे, आणि तो विरोध म्हणूनच नोंदवला जावा.

समितीत नव्याने आलेल्या वकीलबाईंचा हा विषय नाही, म्हणून मुळापासून मांडतो. आपण लिनक्सवर चालणारे हजारो मोफत प्रोग्राम गोळा करतो, प्रत्येकाचे पॅकेज बांधतो आणि सगळ्यांचे मिळून एक वितरण लोकांच्या हाती देतो. कोणताही प्रोग्राम सगळे काम स्वतः करत नाही. आवाज काढणे, कागद छापणे, चित्र उघडणे ही कामे तो सामायिक लायब्रऱ्यांकडून करून घेतो. लायब्ररीची नवी आवृत्ती आली, जुनी भांडारातून गेली आणि प्रोग्राम मात्र जुनीच मागत राहिला, की दुवा तुटला. वापरणाऱ्याला एवढेच दिसते की काल चालणारी गोष्ट आज चालत नाही. माझी तपासणी प्रत्येक पॅकेज दारातच उघडते, आतला प्रोग्राम कोणत्या लायब्रऱ्या मागतो ते वाचते, त्या आपल्याकडे आहेत का आणि मागितलेले काम त्या करतात का, हे पडताळते. करत नसतील तर फाटक बंद.

‘सुचवणारी’ तपासणी म्हणजे काय, याचा विचार समितीने करावा. डेपोत ब्रेकचा भाग बसत नसेल, तर मी काचेवर ‘कृपया लक्ष द्यावे’ अशी चिठ्ठी चिकटवून बस रस्त्यावर सोडत नाही. बस आत राहते. ड्रायव्हर शिव्या देतो, प्रवासी शिव्या देतात, आणि सगळे घरी पोहोचतात.

हे समितीपुढे जसेच्या तसे वाचावे. मामा म्हणून वेगळे सांगतो: बैठकीत ओरडून बोलू नकोस, तुझा घसा लगेच बसतो.

बीकॉम


५ फेब्रुवारी

अरे मामा,

‘प्रति, प्रकाशन-प्रमुख’! तुझ्या खांद्यावर बसून केस ओढायचे तेव्हा कुठे गेलं होतं हे ‘प्रति’?

पत्र वाचलं बैठकीत, जसंच्या तसं. वकीलबाई म्हणाल्या, “या प्रकल्पात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी कळलं.” झालास खूश? बाकी कोणी झालं नाही. तुझं फाटक म्हणजे जकात नाका झालाय. परवा त्या खगोलवाल्याचं पॅकेज अडवलंस. का, तर त्यात नमुन्यादाखल ठेवलेला एक तुकडा जुनी लायब्ररी मागतो, जो तुकडा आजवर कोणी चालवलेलाच नाही. बिचारा काढघाल करून परत परत येतोय आणि तुझं यंत्र ‘नामंजूर’, ‘नामंजूर’. तो तुला आता बीकॉम म्हणत नाही, ‘नाकेदार’ म्हणतो.

आणि दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐक. तो प्रस्ताव मीच मांडलाय. सुक्याबरोबर ओलंही जळतंय, मामा. लोक फुकट काम करतात, त्यांना किती वेळा दारात उभं करायचं?

जाता जाता एक. ‘वाचा’ या पॅकेजबद्दल तुझी तपासणी काय म्हणते? तेच, ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं. आई वापरते ते. सहज विचारलं.

आई बरी आहे. कामात आहे.

ठिणगी


८ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

प्रस्ताव तुझा आहे, हे तू सांगितलेस ते बरे केलेस. माझा विरोध त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट घरातला माणूस आहे म्हणून जरा धार चढली आहे. खगोलवाल्याला माझा निरोप दे: जो तुकडा कोणी चालवत नाही, तो पॅकेजमध्ये ठेवायचा कशाला? आणि ‘नाकेदार’ या पदवीबद्दल त्याचा आभारी आहे. नाकेदार लाच घेत नसेल तर वाईट माणूस नसतो.

आता तुझे ‘सहज’. लहानपणी बरणी फुटली की तू सहजच स्वयंपाकघरातून बाहेर येत असायचीस. ‘वाचा’सारखे महत्त्वाचे पॅकेज माझ्या तपासणीने चुकून अडवले असेल, आणि ते बैठकीत माझ्या तोंडावर फेकता येईल, असा तुझा डाव दिसतो. तो फसला. ‘वाचा’ मी स्वतः पुन्हा तपासणीतून काढले. मागितलेली प्रत्येक लायब्ररी भांडारात आहे, प्रत्येक काम जुळते. शेरा: निर्दोष. हवे तर लेखी समज, लेखीच आहे.

ताईचे या आठवड्याचे पत्र आले नाही. फोन केला तर “कामात आहे रे, ठेव,” एवढेच. ती माझ्याशी इतके तुटक बोलते म्हणजे रागावली आहे, आणि मुलीची बाजू घेतली आहे. तिला सांग, भांडण पॅकेजांचे आहे, बहीणभावाचे नाही.

मामा


११ फेब्रुवारी

बंड्या,

हे पत्र मी न ऐकता लिहितेय. बोटांना कळफलक ठाऊक आहे, पण लिहिलेलं परत कानावर येत नाही. तेव्हा शुद्धलेखनाचं नाक मुरडू नकोस.

मी रागावलेली नाही. माझं यंत्र मुकं झालंय. नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी वापरून बघायला माणसं हवी होती ना, मी आपण होऊन नाव दिलं. ठिणगीला विचारलंसुद्धा नाही. गेल्या महिन्याच्या शेवटी आवृत्ती बदलली, यंत्र बंद करून चालू केलं आणि ‘वाचा’ बसली. शब्दशः. ठिणगी घरी आली तेव्हा मी टेबलाशी बसून खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकत होते.

तुला सांगू नकोस म्हणून मीच तिला दटावलं. कारण तू काय करशील ते मला ठाऊक आहे. बॅग उचलून येशील, जुनी आवृत्ती घालून देशील, “झालं ताई” म्हणशील. ठिणगीही तेच म्हणत होती. मी नाही म्हटलं. मी मागे गेले तर हे कोणाला कळणार आहे? माझ्यासारख्या बाकीच्यांची यंत्रं ज्या दिवशी आवृत्ती निघेल त्या दिवशी मुकी होतील, आणि दुरुस्ती कशी करायची हे त्यांना त्याच मुक्या यंत्रावर वाचावं लागेल. मी मागे गेले तर हे कोणाला कळणार आहे?

हे वाक्य बहुधा दोनदा गेलं. कुठे होते तेच कळलं नाही. असू दे, दोनदाच म्हणायचं होतं.

औषधांच्या डब्यातल्या पत्रकांचं भाषांतर थांबलंय. टंकायला येतं, पण ‘दिवसातून एकदा’ लिहिलं की ‘दोनदा’, हे स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय मी पाठवत नाही. ठिणगी म्हणाली, “मी वाचून दाखवते.” म्हटलं, “आज दाखवशील, उद्या दाखवशील. मग मी तुझ्या सुट्टीची वाट बघणारी बाई होईन. नाही व्हायचं मला.”

तुझं पत्रही तिनेच वाचून दाखवलं. ‘शेरा: निर्दोष. लेखीच आहे.’ मग माझंही लेखी घे, बंड्या. ‘वाचा’ मुकी आहे.

आणि ऐक. ठिणगीने माझं नाव न घेता नुसता विषय काढला, तर समितीत कुजबुज आहे म्हणे, की ‘वाचा’ची कटकट नको, या वेळी वगळू या, पुढच्या वेळी बघू. वगळू! भाजीतलं कढीपत्त्याचं पान आहे का मी?

ताई


१३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस, आणि तिने मोठ्याने वाचून दाखवावे म्हणून ताईस,

ताईचे पत्र मिळाले. डेपोतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ‘वाचा’ उघडून बसलो. माझी तपासणी चुकली आहे. ‘निर्दोष’ हा शेरा मागे घेतो.

चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती कागदाच्या माणसानेच करावी अशी आहे. ‘वाचा’च्या पॅकेजवर लिहिले आहे: ‘आवाजाची लायब्ररी, दुसरी आवृत्ती किंवा त्यानंतरची.’ भांडारात आता तिसरी आहे. तिसरी ही दुसरीनंतरचीच. अट पूर्ण, कागद नीट. पण आतला प्रोग्राम हा कागद वाचत नाही. बोलायची वेळ येईपर्यंत तो लायब्ररीचे नावही काढत नाही, आणि वेळ आली की थेट ‘दुसरी’ला हाक मारतो. ती भांडारातून गेलेली आहे. ओ कोण देणार? मग प्रोग्राम चूक झाली असे सांगण्याऐवजी गप्प बसतो. माझी तपासणी प्रोग्रामच्या अंगावर आधीपासून लिहिलेल्या मागण्या तेवढ्या वाचते. ऐनवेळी मारलेली हाक तिला ऐकूच येत नाही. ठेकेदाराच्या करारात ‘किंवा’ दिसला की लाल पेन्सिल उचलणारा मी, आणि इथे त्याच ‘किंवा’वर समाधान मानून बसलो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की तपासणी कुचकामी आहे, म्हणून सैल करा. चाळणीतून खडा गेला तर चाळण बारीक करायची असते. खड्यासकट पीठ खायचे नसते.

नवी तपासणी अशी. प्रत्येक पॅकेज रिकाम्या यंत्रावर बसवायचे. त्याने कागदावर जे मागितले आहे तेवढेच त्याला द्यायचे. मग प्रोग्रामला त्याचे काम प्रत्यक्ष करायला लावायचे: बोलणाऱ्याने बोलायचे, छापणाऱ्याने छापायचे. काम करताना तो कोणाकोणाला हाका मारतो आणि कोणती हाक रिकामी जाते, हे आपल्या यंत्राने आपोआप टिपायचे. ओबडधोबड का होईना, ती चालू झाली आहे. ती सगळ्या भांडारावरून एकदा फिरेपर्यंत मी फाटक बंद केले आहे. सर्वांसाठी. खगोलवाला असो, समिती असो, प्रकाशन-प्रमुख असो.

परवानगी कोणाची घेतली, असे विचारशील. कोणाचीही नाही. माझ्याकडे किल्ली होती, मी टाळे लावले. किल्ली तुझ्याकडेही आहे. उघडायचे तर खुशाल उघड. फक्त त्याआधी आईच्या शेजारी बसून तिचे यंत्र ऐकून ये.

बीकॉम


१७ फेब्रुवारी

मामा,

तुला काही वाटतं का रे? अख्ख्या भांडाराला टाळं! मी चहा गाळत होते, फोन किणकिणायला लागला तो थांबेचना. चहा उतू गेला, ओटा पुसायलाही उसंत मिळाली नाही.

तातडीची बैठक झाली. खगोलवाला म्हणाला, “नाकेदाराचा आता जमीनदार झालाय.” सर्व्हर सांभाळणारा म्हणाला, “एका पॅकेजपायी सगळं वितरण ओलीस? वगळा ते ‘वाचा’. वापरतं कोण? मूठभर लोक.”

मी विचारलं, “मूठभर हे कसं ठरवलंस?”

“तक्रारच आली नाही कोणाची.”

“मुक्या यंत्रावरून तक्रार लिहायची कशी, ते तूच सांग.”

तो म्हणाला, “मग तुला कसं कळलं?”

आणि मग मी सांगितलं. इतके दिवस नव्हतं सांगितलं. म्हटलं, तक्रारदार माझी आई आहे. मामा, तुझी तपासणी सैल करायचा प्रस्ताव मी का मांडला, माहीत आहे? तारीख पाळायची हे एक. पण आईचं यंत्र बसल्यावर मला वेगळीच भीती वाटायला लागली. ‘प्रमुखबाईंनी आईसाठी आवृत्ती अडवली’ असं कोणी म्हणायला नको. म्हणून मी उलट्या बाजूला जाऊन उभी राहिले. इतकी निःपक्षपाती झाले की घरच्या टेबलाशी गप्प बसलेली आई मला दिसेना. तुझी तपासणी ‘वाचा’ला पकडेल, मग मला काही बोलावंच लागणार नाही, अशी आशा होती. म्हणून ते ‘सहज’. तू ‘निर्दोष’ लिहून पाठवलंस तेव्हा काय वाटलं ते जाऊ दे.

वकीलबाईंनी विचारलं, “किल्ली तुमच्याकडेही होती. फाटक उघडलं का नाहीत?” म्हटलं, “उघडायचं नव्हतं म्हणून.”

नवी तपासणी फिरली. बँकेचे धनादेश छापणारा प्रोग्राम मुका निघाला. चित्रं उघडणारा एक निघाला. आणि खगोलवाल्याचं ते प्रसिद्ध पॅकेज! दुर्बीण चालवणाऱ्या लायब्ररीला हाक मारतं आणि पलीकडे कोणी नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, “हे दुरुस्त करतो. आणि तो नमुन्याचा तुकडाही काढतो.” मी हसले नाही. फार कष्ट पडले.

‘वाचा’ मी स्वतः दुरुस्त केलं, तिसऱ्या आवृत्तीशी नीट जोडलं. शिवाय लायब्ररी सापडली नाही तर गप्प बसायचं नाही, यंत्रातला साधा भोंगा वाजवायचा, हेही घातलं. आईच्या यंत्रावर बसवलं. पहिलं वाक्य ऐकून म्हणाली, “बाई जरा भरभर बोलतेय, पण बोलू दे.”

आता निर्णय. आवृत्ती पुढे ढकलली. ‘वाचा’ राहणार. तपासणी अडवणारीच राहणार, नवीसुद्धा. आणि तू बाहेर. परवानगीशिवाय टाळं लावलंस म्हणून तुझी किल्ली काढून घेतली. त्या कागदावर सही मला करावी लागली. वकीलबाईंनी वाट ठेवलीये: माफीनामा द्या, किल्ली परत. मसुदा मीच केलाय. ‘घडल्या प्रकाराबद्दल मला खेद वाटतो. पुन्हा असे होणार नाही.’ दोन ओळी आहेत रे. डोळे मिटून सही कर. तुझ्यामागे ही तपासणी कोण बघणार? मी पाया पडते, या वेळी तरी वाकडं लावू नकोस.

आईला मसुदा वाचून दाखवला नाही.

ठिणगी


२१ फेब्रुवारी

प्रति,
समितीचे सर्व सभासद
(प्रकाशन-प्रमुखांमार्फत)

मी, आपल्यात ‘बीकॉम’, ‘नाकेदार’ आणि अलीकडे ‘जमीनदार’ या नावांनी ओळखला जाणारा, किल्ली काढून घेतलेला कार्यकर्ता, आपण मागितलेल्या माफीनाम्याला उत्तर देत आहे. माफीनामा मिळणार नाही.

माझी पहिली तपासणी अपुरी होती, हे मी लेखी मान्य केले आहे आणि पुन्हा करतो. फाटक मी कोणालाही न विचारता बंद केले, हेही खरे. त्याबद्दल समितीने किल्ली काढून घेतली, हा समितीचा अधिकार आहे आणि त्यावर माझी तक्रार नाही. प्रकाशन-प्रमुखांनी त्यावर सही केली, हे योग्यच केले. ती माझी भाची आहे म्हणून तिने हात आखडता घेतला असता तर मला वाईट वाटले असते. नियम मोडणाऱ्याला दंड व्हावा. दंड मी भरला. पण दंड भरणारा माणूस ‘माझे चुकले’ असे म्हणतोच, असे नाही.

‘पुन्हा असे होणार नाही’ हे वाक्य मी लिहू शकत नाही, कारण ते असत्य आहे. पुन्हा असे होईल. कोणाचे यंत्र मुके करणारी आवृत्ती दारात उभी असेल आणि किल्ली माझ्या हाती असेल, तर टाळे लागेल. हे आधी सांगून ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. किल्ली परत देताना समितीने ते लक्षात घ्यावे, किंवा देऊ नये.

ज्या सभासदाने ‘तक्रार आली नाही’ असे म्हटले, त्याला एवढेच सांगणे आहे: शांतता ही संमती आहे असे समजणारा माणूस बसही तशीच चालवेल. मागे कोणी ओरडले नाही म्हणजे सगळे चढले, असे धरून.

तपासणीचे पुढे काय, हा प्रश्न प्रकाशन-प्रमुखांनी काळजीपोटी विचारला आहे. आपले सगळे सॉफ्टवेअर खुले आहे, माझी तपासणीही. ती चालवायला किल्ली लागत नाही. किल्ली फक्त फाटकाला लागते. मी ती माझ्या घरच्या यंत्रावर रोज चालवीन, आपल्या भांडारातले प्रत्येक पॅकेज तिच्यातून काढीन, आणि कोणती हाक रिकामी गेली ते सर्वांना दिसेल असे जाहीर करीन. आतून अडवण्याचा अधिकार गेला असेल. बाहेर उभे राहून ओरडण्याला आजवर कोणत्याही समितीची परवानगी लागलेली नाही.

हे पत्र मी ताईकडे बसून लिहिले आहे. पाठवण्यापूर्वी ते तिच्या यंत्राने मोठ्याने वाचून दाखवले. बाई खरोखरच भरभर बोलते, पण एकही शब्द गाळत नाही. दुसऱ्या परिच्छेदात, निव्वळ शिष्टाचार म्हणून, मी ‘खेद’ हा शब्द एका ठिकाणी घातला होता. तो कानावर येताच ताईने हात वर केला.

“बंड्या, हे काय मध्येच?”

“रीत असते, ताई.”

“काढ.”

काढला आहे.

सही
बीकॉम

स्थळ: ताईच्या घरी, तिच्या यंत्राशेजारी
दिनांक: २१ फेब्रुवारी